फाउंड्रीत शाश्वतता आणायची तर सुरुवात रिजेक्शनपासून

वाहन कंपन्यांना कास्टिंग (धातू ओतून केलेले भाग) पुरवणाऱ्या फाउंड्री कारखानदारांकडे हल्ली कोटेशनच्या फॉर्मसोबत आणखी एक एक्सेल शीट येते. वीज किती लागते, डिझेल किती जळते, वापरलेली वाळू कुठे जाते, असे प्रश्न त्यात असतात. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा केला, आणि त्या कंपन्यांनी तेच प्रश्न खाली पुरवठादारांकडे ढकलले. कोल्हापूरकडची शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की कागल, यावर सुचणारी पहिली दोन उत्तरं ठरलेली: ऑफिसात पर्यावरण धोरणाची फ्रेम आणि छपरावर सोलर. फ्रेमने काही बिघडत नाही. सोलर मात्र सगळ्यात शेवटी घ्यायची गोष्ट आहे.

आधी एकच आकडा पक्का करा: एक टन चांगल्या कास्टिंगमागे किती युनिट. बहुतेक ठिकाणी वितळलेल्या टनावर युनिट मोजतात, आणि तिथेच फसगत होते. समजा इंडक्शन भट्टीला टनाला 600 युनिट लागतात. साच्यात धातू नेणारे आणि पुरवणारे रनर-रायझर वजा जाता उरणारा भाग, म्हणजे यील्ड, 65 टक्के आणि त्यातला नापास माल, म्हणजे रिजेक्शन, 8 टक्के असेल, तर 1000 किलो धातूतून विकण्याजोगा माल निघतो 598 किलो. म्हणजे चांगल्या टनाला 1003 युनिट पडले. तीच भट्टी, तेच 600 युनिट, पण यील्ड 70 आणि रिजेक्शन 4 टक्के केलं की माल निघतो 672 किलो आणि आकडा येतो 893 वर. टनामागे 110 युनिट वाचले, भट्टीला हातही न लावता. महिन्याला 200 टन माल काढणाऱ्या कारखान्यात हे 22,000 युनिट होतात.

हा आकडा मिळवायला भट्टीवर वेगळा सब-मीटर लागतो. एकत्र बिलावरून काढलेला आकडा कॉम्प्रेसर आणि सँड प्लांटमुळे गढूळ होतो. तीन महिने प्रत्येक हीटची (एका वेळच्या वितळवणीची) नोंद ठेवा: चार्जचं (भट्टीत टाकलेल्या मालाचं) वजन, युनिट, सुरू-बंद वेळ, ओतलेला धातू, न वापरता परत पिगमध्ये (ठोकळ्यांत) ओतलेला धातू. नवीन लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) भाजून पक्कं करणारी सिंटरिंग हीट आणि सुट्टीनंतरची पहिली थंड हीट वेगळ्या खुणेने लिहा, नाहीतर सरासरी वर जाते आणि शिफ्टवाल्यांवर उगाच खापर फुटतं. ग्राहकाच्या मशीन शॉपमधून परत आलेला माल रिजेक्शनमध्ये धरायलाच हवा. तो हमखास सुटतो, कारण तो पुढच्या महिन्यात येतो आणि वेगळ्या रजिस्टरला चढतो.

मग टनेजने सर्वात मोठे दहा आयटम काढा आणि फक्त त्यांचं गेटिंग (साच्यात धातू जाण्याची वाट) तपासा. रायझरला एक्झोथर्मिक स्लीव्ह (उष्णता देणारं वेष्टण) लावली की रायझर लहान होतो. स्लीव्हचा खर्च प्रति नग लिहा, वाचलेल्या धातूचा लिहा, वजाबाकी करा. सगळ्याच आयटमला ते परवडत नाही.

भट्टीवर बरीच वीज वाया जाते ती वाट पाहण्यात. धातू तयार, मोल्ड (साचे) तयार नाहीत, आणि झाकण उघडं. यावर उपाय मोल्डिंगकडे आहे: शेवटच्या चार्जला लागणारे मोल्ड मोजून झाल्याशिवाय तो चार्ज टाकायचा नाही. थोडं थोडं रोज वितळवण्यापेक्षा आठवड्यातले दिवस कमी करून ते पूर्ण भरून चालवलेले बरे. रनर परत टाकताना त्यावरची वाळू ब्लास्टिंगने झाडून घ्या. ती भट्टीत गेली की स्लॅग (मळी) होते, आणि ती वितळवायलाही वीज तुमचीच जाते. गंजलेल्या स्क्रॅपचंही तसंच. खरेदीवाल्याने किलोमागे दोन रुपये वाचवले आणि मेल्टिंगने ते घालवले, हे दोघांनी एकाच टेबलावर बसल्याशिवाय दिसत नाही.

कॉम्प्रेसरची गळती सुट्टीच्या दिवशी मोजा. हवा वापरणारं सगळं बंद, लाइन चालू. लोड वेळ (कॉम्प्रेसर हवा भरतो ती) आणि अनलोड वेळ (तो हवा भरत नाही ती) पाच-सहा फेऱ्यांत लिहा. लोड वेळ भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले शंभर. लोड दीड मिनिट आणि अनलोड साडेतीन मिनिटं आली तर गळती 30 टक्के. ती 10 च्या आत आणायला साबणाचं पाणी, नवी कपलिंग आणि एक चिकाटीचा फिटर पुरतो.

वाळूत एकच नियम: ग्रीन सँड (साच्याची, मातीने बांधलेली ओलसर वाळू) आणि रेझिनची कोअर सँड (आतल्या पोकळीच्या गाभ्याची वाळू) एका ढिगात घालू नका. एकदा मिसळली की पुन्हा वापरणं अवघड आणि विल्हेवाट महाग. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिलेलं प्रमाण आणि मार्ग गेटपासच्या नोंदींशी जुळले पाहिजेत.

आता सोलर. एक किलोवॅटला सावली नसलेली साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि वर्षभराची सरासरी रोज चार युनिटच्या आसपास येते. वितळवणं रात्रपाळीत असेल तर छपरावरची वीज भट्टीच्या वेळेला नसते, म्हणून बिलातला टीओडी (वेळेनुसार वीजदर) तक्ता आणि हीटच्या वेळा शेजारी ठेवून बघा. वरच्या गळत्या बंद करायच्या आधी सोलर घेतलं, तर वाया जाणाऱ्या विजेसाठीही पॅनल विकत घेतल्यासारखं होतं. शिवाय फेटलिंगची (कास्टिंग घासून साफ करण्याची) धूळ पॅनलवर बसते; धुण्याचं पाणी आणि माणूस खर्चात धरा.

हे सगळं कारखान्याच्या निर्णयांत उतरायचं तर तीन कागद बदलावे लागतात. पहिला बोनसचा: मेल्टिंगचा इन्सेंटिव्ह ओतलेल्या टनावर असेल तर रिजेक्शन वाढणारच, तो चांगल्या टनावर न्या. दुसरा कॉस्टिंग शीटचा: प्रत्येक आयटमचं यील्ड आणि युनिट कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत घाला, म्हणजे कुठली ऑर्डर वीज खाते ते घेण्याआधीच दिसेल. तिसरा खरेदी मंजुरीचा: वर्षाच्या आत परतणारा खर्च प्लांट हेडनेच मंजूर करावा, तीन वर्षांपर्यंतचा वार्षिक बजेटात घ्यावा, त्यापुढचा यंत्र बदलायच्या वेळी. लक्ष्य कधीही एकूण युनिटवर ठेवू नका. मंदीत ऑर्डर घटल्या की ते आपोआप गाठलं जातं आणि सगळे खूश होतात.

ग्राहकाची शीट भरताना ग्रिडच्या विजेला युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, डिझेलला लिटरमागे सुमारे 2.7 किलो. म्हणजे वरचे 893 युनिट टनाला साधारण 625 किलो झाले, तेही फक्त भट्टीचे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण ग्रिडचा आकडा दरवर्षी जाहीर करतं. कोणत्या वर्षाचा घेतला ते शीटवर लिहा. युरोपला माल जात असेल तर एचएसएन कोड आधी बघा. तिथल्या सीबॅमचा (आयात मालावरच्या कार्बन शुल्काचा) पक्का टप्पा 1 जानेवारी 2026 पासून सुरू झाला. 7318 मधले नट-बोल्ट आणि 7307 मधल्या पाइप फिटिंग त्यात येतात, पण लोखंडाची प्रत्येक वस्तू येत नाही.