शांत दिवसांतलं आयनांबर: अलिबाग आणि तिरुनेलवेलीच्या आकड्यांतून कारण कसं शोधायचं

केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातली खळबळ ० ते ९ मध्ये सांगणारा आकडा) १ वर, चुंबकीय वादळाचा मागमूस नाही, तरीही आज दुपारचं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर, कालच्यासारखा नाही. अशा वेळी नजर सूर्याकडून काढून खाली, आपल्याच हवेकडे वळवावी. तपांबरात आणि स्थितांबरात उष्णतेने उठणाऱ्या भरतीच्या लाटा वर चढत जातात. सुमारे ११० किलोमीटर उंचीवर त्या विद्युतभारित हवेला पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून ढकलतात आणि त्यातून प्रवाह तयार होतो. चुंबकीय विषुववृत्तावर हाच प्रवाह जेमतेम ६०० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात एकवटतो. त्याला इलेक्ट्रोजेट म्हणतात. तो मोजायला जमिनीवरचे दोन मॅग्नेटोमीटर (चुंबकक्षेत्र मोजणारी यंत्रं) आणि एक वजाबाकी पुरते.

तमिळनाडूतली तिरुनेलवेली त्या पट्ट्यात आहे, अलिबाग बाहेर. (कुलाब्याची वेधशाळा अलिबागला गेली ती मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून, १९०४ पासून अलिबागला नोंदी सुरू आहेत.) दोन्ही ठिकाणच्या चुंबकक्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकाच्या, म्हणजे एचच्या, एक-एक मिनिटाच्या नोंदी घ्या. फाइलमध्ये एक्स आणि वाय (उत्तरेकडचा आणि पूर्वेकडचा घटक) असतील तर दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की एच मिळतो. ९९९९९ हा आकडा दिसला तर ती मोजणी नव्हे, गाळलेली नोंद आहे. ती आधी काढून टाका, नाहीतर सरासरीचा बट्ट्याबोळ होतो.

दिवस निवडताना घाई नको. पॉट्सडॅमची जीएफझेड संस्था दर महिन्याचे १० सर्वांत शांत दिवस जाहीर करते, पण ते त्या महिन्यापुरते शांत. धामधुमीच्या महिन्यात यादीतला दहावा दिवस चांगलाच अस्वस्थ असू शकतो. म्हणून तीन-तीन तासांचे आठही केपी २ किंवा त्याखाली आहेत ना, ते स्वतः पाहा. आदल्या दोन दिवसांत वादळ झालं असेल तर तो दिवस सोडा. वादळात ध्रुवांकडची हवा तापून वारे बदलतात आणि त्यांचा परिणाम केपी खाली आल्यावरही एक-दोन दिवस रेंगाळतो.

आता पायारेषा, म्हणजे रात्रीचं मूल्य, ज्यापासून दिवसाचा बदल मोजायचा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. फाइल जागतिक वेळेत असते, तिचा ०० वाजताचा आकडा म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच. अलिबागची खरी स्थानिक मध्यरात्र जागतिक वेळेनुसार १९:०९ ला येते, तिरुनेलवेलीची १८:४९ च्या सुमारास, आणि दोन्ही आदल्या तारखेच्या फाइलमध्ये. म्हणून दोन दिवसांच्या फाइली जोडा, स्थानिक रात्री ११ ते पहाटे ३ ची सरासरी काढा आणि ती पुढच्या दिवसभराच्या एचमधून वजा करा. अलिबागचा एच ३८ हजार नॅनोटेस्लाच्या (चुंबकक्षेत्राच्या एककाच्या) आसपास आणि आपल्याला हवा असलेला बदल काही दशक नॅनोटेस्लांचा, त्यामुळे पायारेषा १० ने चुकली तरी निष्कर्ष फिरतो.

मग तिरुनेलवेलीच्या फरकातून अलिबागचा फरक वजा करा. पृथ्वीभोवती दूरवर फिरणाऱ्या वलयप्रवाहाचा परिणाम दोन्हीकडे जवळपास सारखा असल्याने तो कटतो. उरतो तो इलेक्ट्रोजेट. दुपारी उत्तर शून्याखाली गेलं तर गणित चुकलं असं लगेच धरू नका. प्रवाह खरोखरच उलटा, पश्चिमेकडे वाहत असू शकतो. याला प्रति-इलेक्ट्रोजेट म्हणतात आणि तो ऐन शांत दिवसांतच ठळक दिसतो.

कारण ओळखायला एकच दिवस पाहून भागत नाही. निदान महिनाभराच्या नोंदी घ्या. आडव्या अक्षावर स्थानिक वेळ, उभ्या अक्षावर तारीख ठेवा आणि मूल्यांना रंग द्या. रोजच्या मूल्यांची उंची सुमारे २७ दिवसांच्या लयीत कमी-जास्त होत असेल तर एफ१०.७ शी (सूर्याच्या रेडिओ प्रारणाच्या मोजमापाशी) ताडून पाहा: सूर्याच्या अतिनील किरणांचा तो परिणाम. धन-ऋण पट्टे तिरके, रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा सरकत असतील तर तो चंद्र. चांद्रभरतीचा कालावधी १२ तास २५ मिनिटांचा, त्यामुळे दुपारची घसरण बहुधा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते. इथे पंचांग खरंच कामाला येतं.

हेच तिरके पट्टे जानेवारी-फेब्रुवारीत फार गडद झाले तर उत्तर ध्रुवावरचं स्थितांबर तपासा. १० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवर (सुमारे ३० किलोमीटर उंचीवर) ६० अंश उत्तरेचा पश्चिमी वारा उलटला असेल तर ते अचानक तापलेलं स्थितांबर. जानेवारी २००९ चं उदाहरण अभ्यासाला उत्तम: सूर्य कमालीचा शांत, तरीही सकाळी आयनांबर जोराने वर उचललं जात होतं, दुपारी खाली ओढलं जात होतं.

एखाद्याच दिवशी काही मिनिटांचा टेंगूळ दिसला तर क्ष-किरणांची नोंद पाहा. सौरज्वाला केपी न वाढवताही प्रवाह वाढवते. तास-दोन तासांचा धक्का असेल तर सौरवाऱ्यातलं चुंबकक्षेत्र दक्षिणेकडे वळलं होतं का, तेही बघा. उष्णकटिबंधातल्या पावसाने उठणाऱ्या लाटांचा पृथ्वीभोवती रेखांशागणिक दिसणारा चार शिखरांचा नमुना मात्र भारताच्या एकाच जोडीतून कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या रेखांशावरची जोडी लागते, जसं पेरूतलं हिकामार्का आणि पिउरा.

सूर्यास्तानंतर ही वजाबाकी करू नका. इलेक्ट्रोजेटच्या थरातले इलेक्ट्रॉन झपाट्याने घटतात, प्रवाह उरतच नाही. रात्रीच्या हालचालींसाठी आयनोसोंडच्या (रेडिओ लहरी वर पाठवून आयनांबर तपासणाऱ्या यंत्राच्या) नोंदी घ्याव्या लागतात.