दोरीवरच्या उड्यांनी नेमक्या किती कॅलरी खर्च होतात, हे घरच्या घरी कसे काढावे

मृगाच्या सरी सुरू झाल्या की कोल्हापूरच्या रंकाळ्याच्या काठावरचे सकाळचे फिरणे अनेकांचे बंद पडते आणि घराच्या सोप्यात किंवा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत दोरीवरच्या उड्या सुरू होतात. व्यायाम उत्तम आहे, त्याला जागा कमी लागते आणि खर्च जवळजवळ नाही. अडचण येते ती हिशेबात. मोबाइलवरचे अ‍ॅप वीस मिनिटांना अडीचशेहून जास्त कॅलरी दाखवते, माणूस त्या आकड्यावर विसंबून खाण्यात सूट घेतो आणि महिन्याअखेरीस वजनकाटा जागचा हललेला नसतो. माझे म्हणणे असे की, उड्यांचा खर्च मिनिटांवर न मोजता उड्यांच्या संख्येवर मोजावा. तालमीत कोणी ‘वीस मिनिटे बैठका मारल्या’ असे सांगत नाही, ‘पाचशे मारल्या’ असे सांगतो. तीच पद्धत दोरीलाही लावावी.

आधी मूळ आकडे पाहू. शांत बसलेले असताना शरीर दर किलो वजनामागे तासाला सुमारे १ कॅलरी खर्च करते, असे व्यायामशास्त्रात धरले जाते आणि या दराला १ मेट म्हणतात. (येथे कॅलरी म्हणजे खाद्यपदार्थांच्या पाकिटावर छापलेली किलोकॅलरीच समजावी.) निरनिराळ्या हालचालींना किती मेट लागतात याचा जो संदर्भकोश जगभर वापरला जातो, त्याच्या २०११ च्या आवृत्तीनुसार मिनिटाला १०० पेक्षा कमी उड्यांना ८.८ मेट, १०० ते १२० उड्यांना ११.८ मेट आणि १२० ते १६० उड्यांना १२.३ मेट लागतात. जंपिंग जॅकसारखा जोमाने केलेला व्यायाम ८ मेटच्या आसपास येतो, तर मध्यम चालीने, म्हणजे तासाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने, चालणे साडेतीन मेटच्या जवळ असते.

या आकड्यांत एक गोष्ट लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. मिनिटाला ११० वरून १४० उड्यांपर्यंत वेग वाढवला तरी खर्च ११.८ वरून जेमतेम १२.३ मेटवर जातो. याचे कारण असे की, वेग वाढला की प्रत्येक उडी आपोआप बुटकी होते, पाय जमिनीपासून कमी उचलले जातात आणि टाचेमागचा जाड स्नायुबंध जमिनीवर आदळताना साठवलेली ऊर्जा पुढच्या उडीला परत देतो. त्यामुळे भराभर उड्या मारणाऱ्याचा दम लवकर लागतो हे खरे असले, तरी त्याच्या कॅलरी त्या प्रमाणात वाढत नाहीत.

आता हिशेब कसा करायचा ते पाहू. सकाळी उपाशीपोटी वजन करून घ्यावे. नंतर नेहमीच्या लयीत उड्या सुरू कराव्यात आणि लय बसली की मोबाइलवर ३० सेकंदांची वेळ लावून त्या काळातल्या उड्या मोजाव्यात. सुरुवातीच्या उत्साहात पहिली अर्धी मिनिट वेग जास्त असतो, म्हणून मोजणी दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत करावी. आलेल्या संख्येची दुप्पट हा आपला मिनिटाचा वेग. यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे: दोरी प्रत्यक्ष फिरत होती तेवढीच मिनिटे वेगळी मोजावीत. दोरी पायात अडकणे, ती सोडवणे, घाम पुसणे, पाणी पिणे आणि कठड्याला टेकून श्वास घेणे यांत सत्राचा जवळजवळ अर्धा वेळ जातो. घड्याळ चालू-बंद करणे जमत नसेल तर शंभर-शंभर उड्यांच्या फेऱ्या कराव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर एक शेंगदाणा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकावा. शेवटी दुसऱ्या वाटीतले दाणे मोजले की एकूण संख्या चुकण्याची शक्यता राहत नाही, आणि त्या संख्येला मिनिटाच्या वेगाने भागले की दोरी फिरल्याची मिनिटे मिळतात.

उदाहरण म्हणून ६८ किलो वजनाच्या व्यक्तीचा हिशेब मांडू. तिने ३० सेकंदांत ५२ उड्या मारल्या, म्हणजे वेग मिनिटाला १०४ झाला आणि दर ११.८ मेटचा. सत्र वीस मिनिटांचे होते, पण दोरी प्रत्यक्ष ११ मिनिटेच फिरली. अ‍ॅप पूर्ण वीस मिनिटे धरून ६८ गुणिले ११.८ गुणिले २० भागिले ६० असा हिशेब करते आणि सुमारे २६७ कॅलरी दाखवते. खरा हिशेब वेगळा आहे. उड्या मारल्या नसत्या तरी शरीराने १ मेट खर्च केलाच असता, म्हणून ११.८ मधून १ वजा करून १०.८ घ्यावेत, त्याला ६८ ने आणि ११ ने गुणून ६० ने भागले की सुमारे १३५ कॅलरी येतात. विश्रांतीच्या ९ मिनिटांत उभे राहणे आणि येरझाऱ्या घालणे धरून आणखी १० मिळवाव्यात. एकूण बेरीज १४५, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या आकड्याच्या निम्म्याहून थोडी जास्त.

रोज एवढी आकडेमोड करायची नसेल तर एक सोपा ठोकताळा वापरावा: हजार उड्यांमागे आपल्या वजनाच्या दीडपट कॅलरी. वरील तिन्ही वेगांचे मेट उड्यांवर वाटून आणि बसल्या जागीचा खर्च वजा करून पाहिले की हे प्रमाण सुमारे १.३ ते १.७ पट येते, त्यामुळे दीडपट ही मधली संख्या बरी आहे. ६० किलोच्या व्यक्तीला हजार उड्यांत सुमारे ९० कॅलरी, ८० किलोच्या व्यक्तीला सुमारे १२०. यात १५-२० टक्के मागेपुढे होणारच, कारण उडीची उंची, हातांची हालचाल आणि सराव प्रत्येकाचा वेगळा असतो. म्हणून ‘११७ कॅलरी’ असे लिहून ठेवण्यापेक्षा ‘१०० ते १३५’ असे लिहिणे जास्त प्रामाणिक आहे.

हा ठोकताळा साध्या भौतिकशास्त्राशीही जुळतो. गुडघे आणि घोटे वाकलेले असतात तेथपासून मोजले तर उडीत शरीर सुमारे १० सेंटिमीटर वर जाते, असे धरू. ६० किलोचे शरीर तेवढे वर उचलायला सुमारे ५९ ज्यूल लागतात, म्हणजे ०.०१४ कॅलरी. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच कामात उतरतो आणि बाकीची उष्णता होते, म्हणून खर्च ०.०५६ पर्यंत जातो. खाली येणारे शरीर सावरणे, मनगटे फिरवणे आणि हृदय व फुप्फुसांचे वाढलेले काम यांचा भार त्यावर चढवला की एका उडीला ०.०९ च्या आसपासचा आकडा पटण्याजोगा वाटतो. वीस मिनिटांत पाचशे कॅलरी जाळून देण्याचे आश्वासन देणाऱ्या चित्रफिती ही एवढी ऊर्जा कोठून आणतात, हे प्रत्येकाने स्वतः गुणाकार करून तपासावे.

मनगटावरच्या घड्याळाबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण त्यावर लोकांचा फार विश्वास असतो. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ६० व्यक्तींवर सात प्रकारची घड्याळे तपासली. हृदयाचे ठोके बहुतेक घड्याळांनी बऱ्यापैकी बरोबर मोजले, परंतु कॅलरींच्या बाबतीत सर्वांत अचूक घड्याळही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. दोरीच्या उड्यांत तर मनगट सतत गोल फिरत असते, त्यामुळे त्वचेवर प्रकाश टाकून ठोके मोजणारी यंत्रणा विचलित होण्याला आणखी वाव मिळतो. घड्याळ ठोक्यांसाठी वापरावे, कॅलरींसाठी शेंगदाण्यांची वाटी बरी.

व्यायाम संपल्यावरही कॅलरी जळत राहतात, हे ऐकायला मिळते आणि ते खरे आहे. मात्र अशा छोट्या सत्रानंतरचा तो जादा खर्च साधारण पाच ते पंधरा टक्के एवढाच असतो. वरच्या उदाहरणात तो फार तर २० कॅलरी होईल.

आता या १४५ कॅलरी ताटात किती दिसतात, तेही पाहावे. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२० कॅलरी. मिसळीच्या कटावर तरंगणारा तवंग एक चमचा भरला तर सकाळच्या उड्यांचा बराच भाग तेथेच फिटतो. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर मिळणाऱ्या म्हशीच्या दुधाचा २०० मिलिलिटरचा पेला सुमारे २०० कॅलरींचा असतो, म्हणजे ६८ किलोच्या व्यक्तीच्या जवळजवळ दोन हजार उड्या. पहिलवान ते दूध पितात, पण त्यांची सकाळ मेहनतीने आणि संध्याकाळ लढतींनी भरलेली असते. कार्यालयात दिवसभर बसणाऱ्याने त्यांच्या खुराकाची बरोबरी करू नये. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, म्हणून खाणे अजिबात न वाढवता रोज १४५ कॅलरी खर्च केल्या तर एक किलो उतरायला सुमारे ५३ दिवस लागतात. हा वेग कमी वाटला तरी खरा आहे आणि तो धरूनच बेत आखावा.

चालण्याशी तुलना करायची तर ६० किलोच्या व्यक्तीची निव्वळ दहा मिनिटांची दोरी आणि पाऊण तासाचे चालणे यांचा खर्च सुमारे सारखाच, म्हणजे ११० कॅलरींच्या घरात येतो. परंतु निव्वळ दहा मिनिटे दोरी फिरायला नवशिक्याला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो. बेडूकउड्यांत गुडघे खोल वाकत असल्याने एकेका उडीचा खर्च दोरीच्या उडीपेक्षा बराच जास्त असतो, पण त्या दहा-पंधराच्या वर सलग होत नाहीत. कॅलरींसाठी त्यांच्या मागे लागू नये, मांड्यांची ताकद वाढवायला त्या चांगल्या.

हिशेब बरोबर येण्यासाठी उडीही बरोबर असावी लागते. दोरीच्या मध्यावर पाय ठेवून दोन्ही मुठी वर ओढल्या की त्या काखेपर्यंत आल्या पाहिजेत. उडी जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरच घ्यावी, चवड्यांवर उतरावे आणि गुडघे किंचित सैल ठेवावेत. शहाबादी फरशीवर किंवा गच्चीच्या सिमेंटवर अनवाणी उड्या मारल्या तर नडगी आणि टाच लवकर दुखू लागते. सतरंजी टाकण्याचा मोह होतो, पण ती पायाखालून सरकते, म्हणून जाड रबरी चटई आणि बूट वापरावेत. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन-तीनशे उड्या पुरेत आणि मधला एक दिवस सोडावा. गुडघ्यांचा जुना त्रास, अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोरी हातात घेऊ नये. बाळंतपणानंतर उडी मारताना लघवी सुटत असेल तर तेही संकोच न करता सांगावे, त्यावर उपचार आहेत.

महिन्यातून एकदा सगळी मोजणी नव्याने करावी. वजन ६८ वरून ६४ वर आले की हजार उड्यांचा खर्चही १०२ वरून ९६ कॅलरींवर येतो. सरावाने हृदय सक्षम झाल्यावर त्याच वेगाला ठोके कमी पडू लागतात, त्यामुळे ठोक्यांवरून अंदाज बांधणारे घड्याळ कॅलरी घटल्याचे दाखवते. प्रत्यक्षात त्याच वजनाला आणि त्याच उड्यांना लागणारी ऊर्जा फारशी बदललेली नसते, म्हणून अशा वेळी उड्या वाढवायच्या की नाही हे वाटीतल्या दाण्यांवरून आणि वजनकाट्यावरून ठरवावे.