हेडलाइटचा उजेड कमी पडतो? बल्ब बदलण्याआधी या चुका टाळा

शहाद्याहून शिरपूरकडे किंवा चाळीसगावहून धुळ्याकडे रात्री गाडी चालवताना उसाची ट्रॉली पुढे आहे हे बऱ्याचदा ती ऐन तोंडाशी आल्यावरच कळते, कारण ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि आपल्या हेडलाइटचा उजेड तिथपर्यंत पोहोचत नाही. ट्रॉलीचा दिवा आपल्या हातात नाही. हेडलाइटसाठी मात्र बहुतेक जण एकच उपाय करतात, तो म्हणजे दुकानात जाऊन ‘जास्त पॉवरचा’ बल्ब मागणे. उजेड नेमका कुठे गळतो आहे हे न पाहता केलेला हा खर्च बहुधा वाया जातो आणि कधीकधी वायरिंगही जाळतो.

मी स्वतः हे करून बसलो आहे. माझ्या जुन्या गाडीत ६०/५५ वॉटचे (अप्पर म्हणजे लांबच्या झोताला ६०, डिपर म्हणजे खाली वळवलेल्या झोताला ५५) एच४ हॅलोजन बल्ब होते. त्याजागी मी १००/९० वॉटचे बसवले. कन्नड घाट उतरताना जळका वास आला, आणि चाळीसगावात बोनेट उघडून पाहिले तेव्हा डावा होल्डर वितळून बल्बला चिकटलेला होता. हिशेब साधा आहे. १२ व्होल्टवर ६० वॉटचा बल्ब ५ अँपिअर विद्युतप्रवाह ओढतो, तर १०० वॉटचा ८ अँपिअरहून अधिक. आणि सैल किंवा गंजलेल्या जोडावरची उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती जवळजवळ पावणेतीनपट होते. कंपनीने दिलेल्या वायरी आणि होल्डर त्यासाठी बनवलेलेच नसतात.

खरा दोष नंतर वायरिंगवाल्याने दहा मिनिटांत दाखवला. इंजिन चालू आणि लाइट लावलेली असताना त्याने व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर आधी बॅटरीला लावला, मग होल्डरला. बॅटरीवर १३.६ व्होल्ट होते, होल्डरपाशी जेमतेम ११.२. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या तुलनेत फार वेगाने घटतो: व्होल्टेज १० टक्के कमी झाले तर उजेड सुमारे ३० टक्के कमी होतो. म्हणजे माझ्या गाडीत निम्मा उजेड वाटेतच संपत होता, आणि त्याचे कारण होते बॉडीला लावलेला अर्थिंगचा एक गंजका बोल्ट. तो घासून घट्ट केल्यावर जुन्याच वॉटच्या नव्या बल्बांनी रस्ता स्वच्छ दिसू लागला. अर्थिंग खराब असल्याची आणखी एक खूण लक्षात ठेवावी. एच४ बल्बात डिपर आणि अप्पर अशा दोन तारा (फिलामेंट) असतात व अर्थ एकच असतो. तो तुटला की प्रवाह दुसऱ्या तारेतून वाट शोधतो, त्यामुळे बल्ब मिणमिणतो आणि डिपरवर असतानाही डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा मंद पेटलेला दिसतो.

एकाच बाजूची लाइट गेली तर आधी बल्ब, मग त्या बाजूचा फ्यूज पाहावा. दोन्ही बाजू एकदम गेल्या तर संशय रिले किंवा स्विचवर घ्यावा. बल्ब वारंवार उडत असतील तर दुकानदाराला दोष देण्याआधी चार्जिंग मोजून घ्यावे. इंजिन चालू असताना ते साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असावे, आणि १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडला आहे असे समजावे. दुसरे कारण आपली बोटे. हॅलोजनच्या काचेला हाताचा तेलकटपणा लागला की तेवढी जागा जास्त तापते आणि काच लवकर निकामी होते, म्हणून बल्ब धातूच्या बुडाला धरावा आणि काचेला हात लागलाच तर स्पिरिटने पुसावा.

सध्या सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये पांढरा एलईडी बल्ब खुपसणे. एच४ मध्ये डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती उजेड परावर्तकाच्या फक्त वरच्या भागावर पाडते आणि त्यामुळे झोत खाली वळतो. एलईडीच्या चिप त्या तारेच्या नेमक्या जागी नसतील तर झोत फाटतो, गाडीपुढचा पट्टा लख्ख दिसतो, लांबचे काहीच दिसत नाही आणि समोरून येणारा केळीच्या ट्रकचा चालक मात्र आंधळा होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार खाली वळवलेल्या झोताने ८ मीटरवर उभ्या असलेल्या, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवता कामा नये. तापीकाठच्या हिवाळी धुक्यात तर तो निळसर उजेड उलट आपल्याच डोळ्यांवर येतो.

आणि ही सगळी खटपट हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचेमागे चालली असेल तर व्यर्थच. ती काच खरे तर पॉलिकार्बोनेटची असते. जळगाव-भुसावळच्या उन्हात वर्षानुवर्षे बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीवर अतिनील किरणांनी तिचा संरक्षक थर झिजतो. टूथपेस्टने घासल्यास चार दिवस चमक येते. बारीक पॉलिश पेपरने पाणी घालत घासून वर अतिनीलरोधक क्लिअर कोट मारला, तरच ती टिकते.

बल्ब बदलला की फोकस तपासणे बहुतेक जण विसरतात. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करावी, हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी आणि डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेषेखाली सुमारे १० सेंटिमीटरवर आणावी. डावीकडे ती थोडी वर चढलेली असते आणि ते बरोबरच आहे. ही तपासणी रिकाम्या गाडीची झाली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मागे तीन माणसे आणि डिकी भरून सामान घेऊन गावी निघालात की गाडीचे नाक वर होते, तेव्हा स्टिअरिंगजवळचा, झोत वर-खाली करणारा लेव्हलिंगचा नॉब ० वरून २ किंवा ३ वर फिरवावा.