नवोदयसाठी गावाकडे शिफ्ट होताय? मग हे आधी बघा

मुलाला नवोदयच्या (जवाहर नवोदय विद्यालय, केंद्र सरकारची निवासी शाळा) सहावीत घालायचं म्हणून गावाकडे जायचं ठरवत असाल तर आधी वर्षांचा हिशोब लावा, कारण ७५% जागा ग्रामीण मुलांना असल्या तरी त्या कोट्यात बसायला तिसरी, चौथी आणि पाचवी अशी तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्याच मान्यताप्राप्त शाळेत झालेली लागतात, मधे एक दिवस जरी शहरातल्या शाळेत गेला तरी तो शहरी धरतात. म्हणजे दुसरी संपली की लगेच हलायचं, पाचवीत जाऊन काही उपयोग नाही.

आणि गाव नीट बघून निवडा हां. दिसायला खेडं, पण नगरपंचायत झालेली असली की ते शहरी, तिथे बरेच जण फसतात. ग्रामपंचायत आहे ना ते स्वतः जाऊन विचारा. जिल्हाही त्या नवोदयचाच लागतो, राहणं आणि पाचवी दोन्ही तिथेच.

प्रवेश परीक्षा एकदाच देता येते, ८० प्रश्न, दोन तास, त्यातले निम्मे बुद्धिमत्तेचे, रोज थोडे सोडवून घ्या. एका नवोदयमध्ये जागा जास्तीत जास्त ८०च, त्यामुळे नंबर नाही लागला तरी पोरगं तिथे रमेल अशीच झेडपीची शाळा शोधा.