पायरेट्सचा दुसरा पार्ट डोक्यावरून गेला? आता असा बघा

पायरेट्स ऑफ द कॅरिबियनचा दुसरा पार्ट, म्हणजे डेड मॅन्स चेस्ट, बघितलेल्या कोणालाही विचारा, भारी होता म्हणतील आणि मग स्टोरी विचारली की डोकं खाजवतील. २००६ ला आला तेव्हा बऱ्याच समीक्षकांचीही हीच बोंब होती, लांबलाय, नुसता गुंता केलाय. पब्लिकला काय फरक पडला नाही, अमेरिकेत पहिल्याच वीकेंडला साडेतेरा कोटी डॉलरच्या वर गल्ला, तेव्हाचं रेकॉर्ड, आणि जगभरात शंभर कोटींच्या पुढे, तोवर हे फक्त टायटॅनिक आणि लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या शेवटच्या पार्टलाच जमलं होतं.

तर पहिली गोष्ट, नुसता हा एकच पार्ट बघू नका. दिग्दर्शक गोर व्हर्बिन्स्कीने दुसरा आणि तिसरा पार्ट जोडूनच शूट केलेत, त्यामुळे हा म्हणजे एका मोठ्या पिक्चरचा इंटरव्हलपर्यंतचा भाग आहे असंच धरा आणि तिसरा दुसऱ्या दिवशीसाठी तयार ठेवा.

मग एक कागद घ्या (हसू नका, मी घेतला होता). पेटीत डेव्ही जोन्सचं, म्हणजे भुताळी जहाजाच्या शुंडकवाल्या कप्तानाचं, धडधडतं काळीज आहे, आणि ते कोणाला कशाला हवंय एवढंच लिहायचं. चाचा कॅप्टन जॅकला जोन्सचं देणं चुकवायचंय, विलला जोन्सच्या तावडीतून बाप सोडवायचाय, नॉरिंग्टनला नौदलातली गेलेली नोकरी परत पाहिजे, ईस्ट इंडिया कंपनीच्या बेकेटला अख्खा समुद्र कंपनीच्या खिशात घालायचाय. बास. नंतर जॅक, विल आणि नॉरिंग्टन गडगडत्या पाणचक्कीवर तलवारी घेऊन एकमेकांवर तुटून पडतात ना, तिथे मग नुसती मारामारी दिसत नाही, कोण का भांडतंय तेही कळतं.

टीव्हीवर बघणार असाल तर मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं टीव्हीचं सेटिंग) आधी बंद करा, नाहीतर साडेबावीस कोटी डॉलरचा पिक्चर, म्हणजे साधारण तेवढंच बजेट होतं, डेली सोपसारखा दिसतो. लाइट घालवा. आणि डेव्ही जोन्स ऑर्गन वाजवतो तिथे पॉझ करा, दाढीचे शुंडक बोटांसारखे पट्ट्यांवर फिरतायत, ओली चामडी, आणि डोळ्यातून एक थेंब. जोन्स झालेला नट बिल नाई सेटवर राखाडी सूट आणि ठिपके लावून उभा होता, पडद्यावरचा जोन्स पूर्ण कॉम्प्युटरचा आहे, डोळ्यांसकट. तेव्हा जाणकारांनाही वाटलं होतं की डोळ्यांभोवती मेकअप आहे. चामडीच्या पोतासाठी तर कॉफीचे डाग पडलेल्या थर्माकोलच्या कपाचा फोटो वापरला होता म्हणे! ऑस्कर उगाच नाही मिळालं. संगीतकार हॅन्स झिमरचा ऑर्गन मात्र हेडफोन लावून ऐका, टीव्हीच्या स्पीकरवर त्याची पार वाट लागते.

नरभक्षकांचं बेट मला आता तेवढं हसवत नाही. ते शूट झालं कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर, तिथल्या कॅरिब म्हणजे कालिनागो लोकांच्या प्रमुखानेच या चित्रणावर आक्षेप घेतला होता, आणि कॅनिबल हा शब्दच मुळात त्यांच्या नावावरून आलाय, म्हणजे चारपाचशे वर्षं तोच शिक्का. पळवत बघितलं तरी चालेल.

आपल्यासाठी एक गंमत तिसऱ्या पार्टमध्ये आहे, हिंदी महासागराचा चाच्यांचा सरदार श्री सुंभाजी. नाव सरळ संभाजी आंग्र्यांवरून उचललंय, कान्होजींचे चिरंजीव. इंग्रजांच्या कागदात आंग्रे पायरेट, आपल्याकडे सरखेल म्हणजे आरमारप्रमुख, आणि पिक्चरमध्ये व्हिलन कोण तर ईस्ट इंडियावाली कंपनीच. त्यामुळे बेकेट दिसला की आमच्या घरात आपोआप शिव्या सुरू होतात.

आणि शेवटी नावं वर जायला लागली की रिमोट उचलू नका. बेट पळवत बघितलं असेल तर तिथून जॅकची माणसं पळताना तोंडात किल्ल्या घेतलेला कुत्रा मागे राहतो एवढं तरी बघून ठेवा. सगळी नावं संपल्यावर तोच सिंहासनावर बसलेला दिसतो.