कूलर चांगला आहे, लावलाच चुकीचा

आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरी गच्चीवर टिनाची एक खोली आहे, आई तिथेच राहते. मागच्या एप्रिलात मिस्त्रीने तिथे नवा कूलर बसवून दिला. चार दिवसांत आई म्हणाली, "पोरी, हा बंद कर. अंग चिकट होते अन् जीव घुसमटते." मिस्त्रीला फोन केला तर म्हणे, "ताई, कूलर टनाटन चालून राहिला." चालत होताच, फक्त लावला चुकीचा होता. तुमच्याकडे असंच होत असेल तर नवा कूलर घेण्याआधी हे तपासून पाहा.

पहिलं काम करंटचं, गारव्याचं नंतर. मी पायात रबरी चप्पल घालून कोरड्या हाताने कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला, तर आतला दिवा मंद लाल पेटला. पोटात गोळा आला. आई रोज अनवाणी, ओल्या फरशीवर उभी राहून त्यात बादलीने पाणी ओतत होती. बटण बंद करून प्लग काढला, पेचकसने उघडला. प्लग तीन पिनचा, पण अर्थिंगची हिरवी वायर कापून आत दुमडून ठेवलेली! नागपुरात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, म्हणून हे अगदी कळकळीने सांगते. टेस्टर पेटला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या. पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता घुसमट. आमचा कूलर खिडकीच्या आत, खोलीतच स्टुलावर ठेवलेला होता. म्हणजे तो खोलीतलीच ओली हवा ओढून पुन्हा आईच्या अंगावर फेकत होता. पाणी वाळताना हवेतली उष्णता घेतं, त्यातून गारवा येतो, आणि पाणी वाळायला हवा कोरडी लागते. ती बाहेर भरपूर असते. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान होतं, तसल्या भट्टीतही कूलर काम करतो, कारण आपल्या मे महिन्यात घाम अंगावर टिकत नाही इतकी हवा कोरडी असते. म्हणून कूलरच्या तिन्ही ताट्या (ज्यांच्यावरून पाणी झिरपतं अन् ज्यांतून हवा आत येते त्या बाजू) बाहेर हव्यात, फक्त तोंड खिडकीत, आणि चौकटीच्या फटी पुठ्ठ्याने किंवा थर्माकोलने बंद. आम्ही लोखंडी स्टँड बनवून तो गच्चीवर, खिडकीला लावून ठेवला.

एवढ्यानेही निम्मंच काम झालं. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. समोरची खिडकी उघडा आणि तिथे पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ बाहेर ओढला गेला पाहिजे. आमच्याकडे तो आधी जागच्या जागी घुटमळत होता, कारण गारवा निघून जाईल म्हणून आई दार-खिडकी घट्ट लावून घ्यायची. खिडकी उघडली अन् धूर झपकन बाहेर. त्या दुपारी आई पहिल्यांदा कूलरसमोर झोपली.

मग ताट्या. बाहेरून हात फिरवा. आमच्या डाव्या ताटीवर वीतभर रुंद कोरडा पट्टा होता. तिथून गरम हवा जशीच्या तशी आत शिरते. एक तर वरच्या पन्हळीची छिद्रं क्षाराने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करा. नाहीतर कूलर तिरपा असतो. त्याच्या माथ्यावर अर्धी पाण्याची बाटली आडवी ठेवली की कळतं. आमचा उजवीकडे कलला होता, पायाखाली फरशीचा तुकडा सरकवला आणि पट्टा ओला झाला. वाळ्याच्या ताट्या असतील तर दर हंगामाला बदला, जुन्या दबल्या की हवाच येऊ देत नाहीत. तोंडावर पाण्याचे थेंब उडत असतील तर पंपाच्या नळीला चिमटा लावून पाणी कमी करा.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. आणि मृगाचा पाऊस लागला की पंप बंद, नुसता पंखा चालवा. तेव्हा हवाच दमट असते, पाण्याने चिकचिक तेवढी वाढते.