ब्रिटनमधल्या राउंडअबाउटवर लेन कुठली धरायची?

इथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. वळसा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट. लेन आत शिरण्याआधीच ठरवा. डावीकडे किंवा सरळ जायचं तर डावी, उजवीकडे किंवा यू-टर्नला उजवी. रस्त्यावरचे बाण वेगळं सांगत असतील तर बाणांचं ऐका.

खरी गफलत बाहेर पडताना होते. सरळ जाणाऱ्याने शिरताना इंडिकेटर द्यायचा नाही. आपल्याला बाहेर पडायच्या फाट्याच्या आधीचा फाटा मागे पडला की डावा इंडिकेटर, डावा आरसा, मग बाहेर. उजवीकडे जाणाऱ्याने शिरताना दिलेला उजवा इंडिकेटरही तिथेच बदलायचा. डावा लवकर दिला, तर आधीच्या फाट्यावर थांबलेला माणूस तुम्ही बाहेर पडताय समजून गाडी पुढे घालतो. फाटा चुकलाच तर आडवं घुसू नका, आणखी एक फेरी मारा.